विहिरीचा श्वास

त्सुनेओ येणार हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आमच्या इशिदान आळीत असं फार क्वचित होतं. एरवी कोणाच्या घरी नवं पातेलं आलं तरी ती बातमी पायऱ्यांच्या वरच्या टोकाहून निघून खालच्या टोकाला पोचेपर्यंत त्या पातेल्याचा फ्रिज झालेला असतो. पण इनुईंचा धाकटा चाळीस वर्षांनी नागोयाहून घरी येतोय म्हटल्यावर सगळे एकदम हवामानावर बोलायला लागले. हवामानही बोलण्याजोगं होतं म्हणा. वादळ अजून दक्षिणेच्या समुद्रात होतं, पण ओसाकावर सकाळपासून पांढरी, दमट हवा साचली होती आणि म्हाताऱ्यांचे कान गच्च झाले होते.

पोरांना सांभाळणाऱ्या जिझो देवाच्या सणाआधीचा रविवार होता. सणाला पोरांच्या नावाचे कंदील लागतात, त्याआधी आळीने मिळून बाग साफ करायची असा जुना रिवाज. तो मोडूनही बरीच वर्षं झाली होती. बाग तरी कसली, ताचिबाना नावाच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या मागचा नगरपालिकेचा एक तुकडा. साखळी तुटलेला झोपाळा, गंजकी घसरगुंडी आणि उरलेल्या जागेत कण्हेरीचं रान. भोवतालच्या निम्म्या घरांना कुलपं आणि कौलांवर निळी ताडपत्री. न्हाणीघराचं धुराडं तेवढं ताठ उभं होतं, आणि ते कुठल्या बाजूला पडेल यावर आम्ही पैजा लावायचो.

न्हाणीघर बंद पडूनही दहाएक वर्षं होऊन गेली. तरी आत बायकांच्या बाजूची ती भिंत अजून शाबूत आहे. भिंतभर निळ्या फरशांचं पाणी आणि त्यात माणसापेक्षा मोठा लाल मासा. माशाचा डोळा मात्र नाही. डोळ्याची फरशी पूर्वी कधीतरी निघाली आणि तिथे पांढरा गिलावा भरला. हात्सुआजींना, म्हणजे न्हाणीघराच्या जुन्या मालकीणबाईंना, कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "माशाला एका जागी बसून कंटाळा आला. डोळा फिरायला पाठवलाय त्याने." त्यानंतर काही महिन्यांतच त्या गेल्या. आमच्या आळीतली सगळी पोरं त्या आंधळ्या माशाला घाबरत घाबरत न्हायली आहेत.

या वर्षी चिनात्सुने हट्टच धरला. हात्सुआजींच्या लेकीची, सुमिएची, ही मुलगी घटस्फोट घेऊन माहेरी परतली आणि रडत बसायचं सोडून तिने नगरपालिकेच्या चकरा सुरू केल्या. बाग मोकळी करायची, तिथे भूकंपाच्या वेळी कामाला येईल असा हातपंप बसवायचा, आणि न्हाणीघर उघडून आळीसाठी बसण्याउठण्याची जागा करायची. पहिल्या दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. तिसरी अडली होती. न्हाणीघर इनुईंच्या तिघा भावंडांचं होतं आणि कागदावर सहीऐवजी तिघांचेही शिक्के लागणार होते. आई तिच्या बाजूने होती. थोरल्या यासुनोरीमामाने पार्किंगसाठी जागा घेणारं गिऱ्हाईक गाठलं होतं. आणि धाकट्या मामाला, त्सुनेओला, तिने आजवर फक्त एका फोटोत पाहिलं होतं, तेही अर्ध्या कापलेल्या.

"या," सुमिए दारात म्हणाली. "लांबून आलात."

चिनात्सुच्या हातातली बादली हातातच राहिली. सख्ख्या धाकट्या भावाला आई अहो-जाहो करत होती.

दारातल्या माणसाने टोपी काढली. वाळकासा, मोठ्या हातांचा माणूस. सुमिएने खाली वाकून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता त्याच्यापुढे नीट जोडून ठेवल्या. तपकिरी, कोऱ्या, बँकेचा माणूस आला की निघणाऱ्या. त्सुनेओने त्या पाहिल्या आणि बूट काढलेच नाहीत.

"मी इथेच बरा आहे, ताई."

"जशी मर्जी."

"आईला एक उदबत्ती लावली असती तर..."

"देव्हाऱ्याची खोली झाडायची राहिलीय," सुमिए म्हणाली. "नंतर बघू." आणि ती भाताचे गोळे वळायला आत गेली. देव्हाऱ्याची खोली ती रोज पहाटे झाडते हे आळीतल्या मांजरांनाही माहीत आहे.

तेवढ्यात यासुनोरी घाम पुसत आला. त्याचं गाद्यांचं दुकान आहे आणि बोलणंही तसंच, कुठेही बसा, रुततंच. "अरे त्सुने! केवढा म्हातारा झालास रे! माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोस, बरं वाटलं बघ." त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली आणि आवाज खाली आणला. "शिक्का आणलायस ना?"

"आणलाय."

"झालं तर मग. ही ताई आणि तिची लेक, दोघींनी आळीला स्वप्नं विकायला काढलीत. तू नि मी शहाणे. एकदा ते धुराडं पडलं, डांबर घातलं, की सुटलो सगळे. तू तर सगळ्यांत जास्त सुटशील."

"म्हणूनच आलोय," त्सुनेओ म्हणाला.

चिनात्सुने ते ऐकलं. पण ती आईची मुलगी आहे, तोंडावर काही दिसू दिलं नाही. तिने बाजूचा विळा उचलला आणि मामाच्या हातात दिला. "शिक्का दुपारनंतर मारा. आता कण्हेर कापायला या. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि काड्या जाळायच्या नाहीत, धूर विषारी असतो."

तो मुकाट्याने मागे आला.

*

बागेच्या दाराशी येऊन त्सुनेओ थबकला. इथे लाकडांची वखार होती. न्हाणीघराचा बंब लाकडावर तापायचा तेव्हाची. पुढे तेलाचा बॉयलर आला, नळाचं पाणी आलं, मग बाबांनी वखारीची जागा बागेसाठी नगरपालिकेला देऊन टाकली. तेव्हा बागेत पोरांचा गलका असायचा म्हणे. त्याने तो कधी ऐकला नव्हता. आता समोर पंधरा-वीस माणसं कमरेत वाकून रान तोडत होती आणि आळीचे प्रमुख कुवाबारा गवती टोपी घालून सगळ्यांना उलटसुलट सूचना देत होते.

"मामा," चिनात्सु म्हणाली, "पंपवाला विचारत होता, इथे जुनी विहीर होती का? आईला विचारलं तर तिने खोलीचं दार लावून घेतलं."

"होती."

"कुठे?"

त्याने विळ्याने हवेत एक गोल काढला. झुडपांत नेमकं कुठे ते त्यालाही सांगता येईना. "बुजवली. मीच बुजवली. तुला कोणी सांगितलं नाही?"

"फोटो कापलेला आहे एवढंच सांगितलं."

तो हसला. मग कण्हेरीची एक फांदी वाकवून कापली, बाजूला टाकली आणि कामात हात गुंतलेले असताना माणूस बोलतो तसा बोलत गेला.

"विहीर बुजवताना तळापासून वरपर्यंत एक नळी उभी करतात, हे तरी माहीत आहे ना?"

"आतल्या देवाला श्वास घेता यावा म्हणून. ते कोणालाही माहीत असतं."

"हं. भटजी येणार, मंत्र म्हणणार, बांबूची नळी बसणार, मग वाळू. सगळं ठरलेलं. आणि वाळूचा ट्रक दोन दिवस आधीच आला. बाबा बाहेरगावी. ड्रायव्हरने वाळू ओतली नि गेला. विहिरीवरचं झाकण काढून ठेवलेलं, आणि आळीतली पोरं त्या ढिगाऱ्यावर घसरगुंडी खेळायला लागली. वाळूबरोबर घसरत थेट विहिरीच्या काठापर्यंत. मी एकवीस वर्षांचा. घाबरलो. मीठ टाकलं, दारू ओतली, येत होतं तेवढं पुटपुटलो आणि संध्याकाळपर्यंत विहीर भरून टाकली."

"आणि नळी?"

"बांबू कुठून आणणार? बॉयलरची लोखंडी नळी होती, ती लावली. जमिनीवर माझ्यापेक्षा उंच." तो थांबला. "पण ती कोणी पाहिली नाही. लगेच नगरपालिकेने चारी बाजूंनी पत्रे ठोकले. त्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा ताई म्हणाली, तू विहिरीचा श्वास कोंडलास, म्हणून आईचा गेला. मी म्हटलं, नळी लावलीय. ती म्हणाली, दाखव. मी पत्र्यावर चढलो. सगळं सपाट. रोलर फिरलेला, झुडपं लावलेली. नळी कुठेच नव्हती."

असल्या गोष्टींवर चिनात्सुचा विश्वास नव्हता, पण मामाचा होता, आणि ते त्याच्या खांद्यांवर दिसत होतं.

"ताईचा दोष नाही," तो म्हणाला. "आईलाच मी नको होतो. अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती. मी खोलीत शिरलो की ती एक बोट डोळ्याला लावायची आणि मग माझ्याकडे दाखवायची. पुन्हा डोळ्याला, पुन्हा माझ्याकडे. ताईने अर्थ सांगितला. 'आई म्हणतेय, हा डोळ्यांसमोर नको.' मग मी इस्पितळाच्या व्हरांड्यातच बसून राहिलो. शेवटपर्यंत. आत गेलोच नाही."

"म्हणून हे सगळं पाडायचंय तुम्हाला?"

"डांबराखाली कोण कोणाला शोधणार," त्सुनेओ म्हणाला. "मलाही आता थोडी झोप हवी ना."

*

आणि मग कुवाबारा किंचाळले.

आमचे प्रमुख तसे झुरळालाही किंचाळतात, म्हणून पहिल्यांदा कोणी वर पाहिलं नाही. ते कण्हेरीच्या पोटात शिरले होते, हातात लोखंड कापायचं यंत्र घेऊन. झोपाळ्याचा जुना खांब समजून काहीतरी कापायला घेतलं होतं. आता ते खाली बसकण मारून बसले होते आणि त्यांची गवती टोपी हातभर लांब पडली होती.

"फुंकर मारली," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर कोणीतरी फुंकर मारली!"

"ऊन लागलं असेल, कुवाबारा-सान. जवाचा चहा घ्या."

"चहा गेला खड्ड्यात! इकडे येऊन बघा!"

चिनात्सु फांद्या बाजूला करत आत गेली. जाड बुंध्यांच्या मधोमध, गुडघ्याएवढ्या उंचीची एक लोखंडी नळी जमिनीतून वर आली होती आणि टोकाला वाकून तोंड खाली केलेली. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वाकवतात तशी. बुंधे तिला चिकटून वाढले होते, पण तिच्या तोंडासमोरची जागा मात्र मोकळी होती. तिथे एकही पान नव्हतं. चिनात्सुने हात पुढे केला.

गार हवा होती. नळीतून येत होती, सावकाश, न थांबता. ऑगस्टच्या त्या भट्टीत तिच्या तळव्यावर गार, ओलसर श्वास पडत होता. तिला ओरडायचं होतं, पण तिने आवाज इतका हळू काढला की बाजूच्यांनाच ऐकू आला. "जिवंत आहे."

मग एकेक जण आला. कुवाबारांनी एक पान नळीच्या तोंडाखाली धरलं आणि सोडलं, तर ते सरळ खाली न पडता पुढे ढकललं जाऊन पडलं. त्यांनी दुसरं सोडलं, तिसरं सोडलं, तेच. कुवाबारांच्या बायकोने गाल लावून पाहिला आणि तिच्या डोळ्यांना पाणीच आलं. जुन्या न्हाणीघराचा वास येतोय म्हणाली, पहाटे पहिलं पाणी भरायचे तेव्हाचा. वादळ जवळ आलं की वरची हवा हलकी होते आणि जमिनीखालची वर येते, असं कोणीतरी समजावत होतं. ते ऐकून सगळ्यांनी माना डोलवल्या, आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. मीही दोनदा हात लावला. कारण माहीत असून अंगावर काटा यायचा तो आलाच. चाळीस वर्षं आम्ही त्या झुडपांत रिकामे डबे फेकत होतो, आणि आत हा देव बिचारा श्वास घेत बसला होता.

त्सुनेओ शेवटी आला. लोक आपसूक बाजूला झाले. तो गुडघ्यांवर बसला, नळीला हात लावला नाही, फक्त तिच्या सांध्यावरचे स्क्रूसारखे आटे पाहिले.

"तिरके आहेत," तो म्हणाला. "मीच कापलेत. आयुष्यातले पहिले आटे." त्याचा आवाज फुटला. "पण नळी उंच होती माझी. ही कोणी कापली? आणि हा बाक? हा बाक मी लावलेला नाही."

"खाली सिमेंट आहे," चिनात्सु म्हणाली आणि नळीच्या बुडाची माती हाताने खरवडायला लागली. नीट गोल कठडा निघाला, हाताने थापलेला, बोटांच्या खुणा तशाच. तिने बाटलीतलं पाणी ओतलं. माती वाहून गेली आणि कठड्यात बसवलेली एक फरशी वर पाहू लागली. निळ्या कडेची, सोनेरी रेघेची, मध्ये काळाभोर गोल.

यासुनोरी मागे उभा होता. शिक्का आणि कागद त्याच्या खिशात होते, आणि या गडबडीत त्सुनेचं मन पालटायला नको म्हणून तो घाईने पुढे आला होता. लहानपणी बायकांच्या बाजूला आईबरोबर न्हाताना तो याच डोळ्याला घाबरून भोकाड पसरायचा. मोठा झाल्यावर डोळा गेला तेव्हा त्याला उगाच वाईट वाटलं होतं. सतत तोंड चालणारा हा माणूस आता तोंड उघडून नुसता उभा राहिला.

"दादा?" त्सुनेओ म्हणाला.

"हा आपला डोळा आहे," यासुनोरी म्हणाला. "माशाचा. आईने... न्हाणीघरातली फरशी निघाली की आईच बसवायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ही तिचीच बोटं आहेत."

"अरे देवा," कुवाबारा जमिनीवरूनच म्हणाले. "झाडू!"

"काय झाडू?"

"तुमची आई! मी तेव्हा एवढासा होतो. इथे रोलर फिरत होता. तुमची आई झाडू घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, इथून वळसा घालून जा, इथे माझी झुडपं आहेत. कामगार हसत होते, पण वळसा घालून गेले. आम्हा पोरांना वाटलं, म्हातारीला झुडपांचं वेड लागलं. आम्ही कितीतरी दिवस तिची नक्कल करायचो." ते कान पकडायच्या बेतात होते. "झुडपं नव्हतीच ती. तिने पडदा लावला होता."

म्हणजे तिला माहीत होतं. हात्सुआजींना पहिल्यापासून माहीत होतं. पोराने घाईत लावलेली उंच नळी कामगार उपटून टाकतील, म्हणून त्यांनी ती कापून बुटकी केली, वर बाक बसवला, बुडाला सिमेंट थापलं, भोवती कण्हेर लावून घेतली आणि राखणीला माशाचा डोळा बसवला. सगळं एकटीने. घरात सांगणार होत्याच कधीतरी, पण त्याआधी वाचा गेली.

चिनात्सु उठली. "आईला बोलावते," ती म्हणाली.

*

सुमिए पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत आली. हाताला भाताची शितं तशीच होती. लेक धापा टाकत "चल, आधी चल" एवढंच म्हणाली होती, त्यामुळे कोणीतरी पायावर विळा मारून घेतला असणार अशी तिची खात्री होती आणि त्याला काय काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवून ठेवलं होतं.

माणसं बाजूला झाली. तिने नळी पाहिली. नळीचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण ती सुमिए होती, तिने मान ताठ ठेवली. "लावली होती तर," ती म्हणाली. "बरं झालं. तसं सांगायचं होतं नीट."

"ताई," यासुनोरी म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. "खाली बघ."

तिने खाली पाहिलं.

डोळा ओला होता आणि तिच्याकडे पाहत होता.

सुमिएला इस्पितळाची खोली दिसली. खिडकीतलं हिवाळ्याचं ऊन, आईचा वाकडा झालेला ओठ आणि तो एकच हात, ज्यात अजून जीव होता. बोट डोळ्याला. बोट दाराकडे, जिथे त्सुने उभा होता. पुन्हा डोळ्याला, अधीर होऊन, कळवळून, आणि दर वेळी सुमिए तिचा हात धरून म्हणायची, "हो आई, कळलं. घालवते त्याला." मग आई मान हलवायची. नाही, नाही अशी. सुमिएला वाटायचं, दुखतंय. शेवटच्या दिवशी आईने रिकाम्या दाराकडे बोट केलं होतं आणि खूप वेळ तसंच धरून ठेवलं होतं.

सुमिए मातीत बसली. एप्रन घालून, सगळ्या आळीदेखत. ती नळीजवळ वाकली आणि तिच्या पांढऱ्या बटा हलल्या. एकदा, पुन्हा, सावकाश. आजूबाजूला इतकी शांतता होती की नळीचा आवाज ऐकू येत होता, घागरीत कोणी हू करावं तसा.

"ती तुला बोलवत होती," ती म्हणाली. त्सुनेओकडे न बघता. "डोळा बघायला जा म्हणत होती. तुझी नळी तिथे आहे, म्हणत होती. तू नको असं नव्हती म्हणत, त्सुने. ती तुला बोलवत होती आणि मी तुला व्हरांड्यात बसवलं."

त्सुनेओचे मोठे हात मांडीवर उघडे पडले होते, चिकाने आणि मातीने माखलेले.

"ती गेली तेव्हा दाराकडे बघत होती," सुमिए म्हणाली. "हेही मी तुला कधी सांगितलं नाही."

तेव्हा तो रडला. साठी उलटलेला माणूस, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. कुवाबारांच्या बायकोला काही सुचेना म्हणून ती जिझोच्या देवळीत गेली, सणासाठी शिवलेल्या लाल लाळेऱ्यांतलं एक उचलून आणलं आणि नळीच्या मानेला बांधलं. दगडी जिझोच्या गळ्यात असतं तसंच. ते लाळेरं लगेच हलायला लागलं, कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसं, आणि कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसत-रडत बसले.

यासुनोरीने खिशातला कागद काढला, पाहिला आणि चार घड्या करून पुन्हा ठेवला. "त्या पार्किंगवाल्याला मी काय सांगू आता?" तो वैतागून म्हणाला. "विहीर श्वास घेते म्हणून सांगू? मला वेड्यात काढेल."

"घेऊन ये त्याला इथे," चिनात्सु म्हणाली. "हात लावून बघू दे."

"नको. तोही रांगेत उभा राहायचा." त्याने नाक शिंकरलं. "पंप या विहिरीवरच बसव. नवी खोदू नका. मला तर वाटतं, डोळाही परत माशाला..."

"डोळ्याला हात लावायचा नाही," सुमिए आणि त्सुनेओ एकदम म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसातलं पहिलंच पाहणं.

*

दुपारी पहिला वारा सुटला. माणसं घरी जाईनात. पायऱ्यांवरून लोक येतच होते, बंद घरांची कुलपं सांभाळणारे दूरचे नातेवाईकसुद्धा कुठून कळून आले कोण जाणे. कापलेल्या कण्हेरीचे भारे बांधून झाले होते आणि मोकळ्या झालेल्या बागेत धुराड्याची सावली थेट झोपाळ्यापर्यंत पडलेली आम्ही किती वर्षांनी पाहत होतो. त्या दिवशी धुराड्यावर कोणी पैज लावली नाही.

त्सुनेओ नळावर हात धुऊन न्हाणीघराशेजारच्या घराच्या दारात आला. सकाळी उभा होता तिथेच उभा राहिला. खाली पाहुण्यांच्या तपकिरी सपाता अजून तशाच जोडून ठेवलेल्या होत्या. त्याने शिक्क्याची डबी काढून चिनात्सुच्या हातात दिली. "न्हाणीघराच्या कामाला लागेल तिथे मार," तो म्हणाला. मग बुटाची नाडी सोडायला वाकला आणि पाय सपातांकडे नेला.

सुमिए आतून आली. तिने वाकून त्या सपाता उचलल्या, काखोटीला मारल्या आणि कोनाड्यात टाकून दिल्या. त्सुनेओचा मोजा घातलेला पाय हवेतच राहिला.

तिला अजून काही म्हणायचं होतं. ते शब्दांत येईना. मग तिने एक बोट आपल्या डोळ्याला लावलं आणि त्याच्याकडे दाखवलं. पुन्हा डोळ्याला, पुन्हा त्याच्याकडे, अगदी आईसारखं.

त्सुनेओने मान हलवली. कळलं अशी.

"मग उभा काय राहिलास?" सुमिए म्हणाली. "ये आत. आई कधीची वाट बघतेय."